विश्लेषण : ‘लाडक्या बहिणींनी निवडणूक जिंकून दिली’ हे तपासायचे कसे? राज्यशास्त्राच्या वर्गात संशोधन पद्धती का शिकायला हवी?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारपर्यंत महाराष्ट्र विधानसभेचा निकाल स्पष्ट झाला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे कारणही ठरून गेले. वाहिन्यांवर, समाजमाध्यमांवर आणि चहाच्या टपरीवर एकच उत्तर होते, ‘लाडकी बहीण’. हे उत्तर चुकीचे असेलच असे नाही. पण ते बरोबर आहे हे कोणी तपासले आणि कसे तपासले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. हा प्रश्न विचारायला आणि त्याचे उत्तर शोधायला शिकवणारा विषय विद्यापीठांत आहे. त्याचे नाव संशोधन पद्धती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्पाची सोय झाली आहे. त्यामुळे हा विषय आता केवळ पीएच.डी. करणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. तो नेमका काय शिकवतो आणि आपल्याकडे तो कसा शिकवला जातो, याचा हा आढावा.

मुळात प्रश्न काय आहे?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मधील अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वयोगटातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांना दरमहा १५०० रुपये, असे तिचे स्वरूप होते. निवडणुकीपूर्वी दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यात पैसे पोहोचले. नोव्हेंबरमध्ये महिलांचे मतदान वाढले आणि महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. या तीन घटना एकापाठोपाठ घडल्या, म्हणून पहिलीमुळे तिसरी घडली असा निष्कर्ष काढला गेला.

आता आकडे थोडे जवळून पाहू. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत महिलांचे मतदान सुमारे ५९ टक्के होते, ते २०२४ मध्ये सुमारे ६५ टक्के झाले. पण पुरुषांचे मतदानही सुमारे ६३ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. म्हणजे वाढ दोघांचीही झाली, महिलांची थोडी अधिक. पुरुषांना योजनेचा हप्ता मिळत नव्हता, तरी त्यांचे मतदान वाढले. तेव्हा मतदान वाढवणारे आणखी काही तरी होते. शिवाय मतदानाची टक्केवारी म्हणजे झालेले मतदान भागिले यादीतील मतदार. यादीत नावे वाढली किंवा कमी झाली तर एकही जादा मत न पडता टक्केवारी बदलू शकते.

यावरून योजनेचा परिणाम झालाच नाही, असे सिद्ध होत नाही. ‘मतदान वाढले’ आणि ‘मत कोणाला दिले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना वेगवेगळा पुरावा लागतो, एवढेच यातून कळते. संशोधन पद्धतीचा पहिला धडा हाच आहे : प्रश्न आधी सुटा करून घ्यायचा.

एका राज्यावरून निष्कर्ष काढता येतो का?

त्याच दिवशी झारखंडचाही निकाल लागला. तिथे ‘मंईयां सन्मान’ योजनेतून महिलांना पैसे देणारे झारखंड मुक्ती मोर्चाप्रणीत सरकार ८१ पैकी ५६ जागा जिंकून परत आले. दोन राज्यांत दोन वेगळ्या आघाड्यांची सरकारे, दोन्हीकडे महिलांसाठी रोख योजना आणि दोन्हीकडे सत्ताधारी विजयी. त्यामुळे ‘खात्यात पैसे टाका, निवडणूक जिंका’ हे सूत्र पक्के झाले.

पण त्याच वर्षी जूनमध्ये आंध्र प्रदेशचा निकालही लागला होता. तिथे वायएसआर काँग्रेसच्या सरकारने पाच वर्षे मोठ्या प्रमाणावर थेट खात्यात पैसे जमा केले होते. ‘अम्मा वोडी’सारख्या योजनेत ते मुलांच्या आईच्या खात्यात जात होते. तरीही २०१९ मध्ये १७५ पैकी १५१ जागा जिंकणारा हा पक्ष २०२४ मध्ये ११ जागांवर आला.

फक्त जिंकलेली सरकारे निवडून त्यांच्यातील समान गोष्ट शोधली, तर ती सापडतेच. हरलेल्या सरकारांकडेही ती गोष्ट होती का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नसतो. परीक्षेत पहिल्या आलेल्या दहा जणांनी एकाच क्लासला प्रवेश घेतला होता, अशी जाहिरात आपण वाचतो. त्याच क्लासमधील नापास किती, हे जाहिरातीत नसते. निवडणुकीच्या विश्लेषणातही बहुतेक वेळा हेच घडते.

बिहारचे उदाहरण आणखी सावध करणारे आहे. तिथे महिलांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा अधिक असणे ही २०१० च्या विधानसभा निवडणुकीपासूनची गोष्ट आहे. महिलांचा वाढता राजकीय सहभाग हे त्याचे एक कारण. पण कामासाठी परराज्यात गेलेले लाखो पुरुष मतदानाला गावी येत नाहीत आणि त्यांची नावे यादीत राहतात, हेही त्यामागे असू शकते. एकाच आकड्याची दोन स्पष्टीकरणे असतील तर दोन्ही तपासावी लागतात.

मग लाडकी बहीण योजनेचा परिणाम मोजता येईल का?

पूर्णपणे नाही, पण आजच्यापेक्षा बराच चांगला मोजता येईल. समजा, राज्यशास्त्राच्या पदवी वर्गाला हाच प्रकल्प दिला. योजनेला वयाची अट आहे. २१ वर्षे पूर्ण झालेली तरुणी पात्र, २० वर्षांची अपात्र. मतदानाचा हक्क मात्र दोघींना आहे. एकाच गावातील, सारख्याच परिस्थितीतील १९-२० आणि २१-२२ वर्षांच्या मुलींच्या मतदानाची तुलना केली तर फरक योजनेचा आहे का, याचा काही अंदाज येऊ शकतो. वरच्या टोकाला ६५ आणि ६६ वर्षांच्या महिलांचीही अशी तुलना करता येईल.

या रचनेतही दोष आहेत आणि ते विद्यार्थ्यांनीच शोधायला हवेत. वीस वर्षांच्या मुलीच्या आईला पैसे मिळत असतील तर त्या घरावर योजनेचा परिणाम झालेलाच आहे. एकविसाव्या वर्षी अनेक मुलींचे लग्न झालेले असते, म्हणजे घर आणि मतदारसंघ दोन्ही बदललेले असू शकतात. एका गावात या वयाच्या मुली सापडून सापडणार किती? मग किती गावे घ्यायची? पात्र असूनही अर्ज न केलेल्यांचे काय? अशा शंका काढत आणि त्यांची उत्तरे शोधत रचना सुधारत न्यायची, यालाच संशोधनाचा आराखडा म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या दोन ओळींची असते. तो प्रत्यक्ष करायला मात्र एक सत्र पुरत नाही.

‘अमुक फॅक्टर’ची भाषा फसवी का?

मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातील आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. मराठा आरक्षण आंदोलनाचा हा परिणाम असल्याचे सर्वांनी सांगितले. सहाच महिन्यांनी त्याच मराठवाड्यातील विधानसभेच्या ४६ पैकी बहुतांश जागा महायुतीकडे गेल्या. तेव्हा ओबीसी एकवटल्याचे सांगितले गेले. निकाल कोणताही लागला तरी त्याला जुळणारा एक ‘फॅक्टर’ तयार असतो. कोणत्याही निकालाने जे स्पष्टीकरण खोटे ठरू शकत नाही, ते तपासताही येत नाही.

यात आणखी एक तांत्रिक चूक दडलेली असते. एखाद्या मतदारसंघात एका समाजाची लोकसंख्या मोठी आहे आणि तिथे एक पक्ष जिंकला, म्हणून त्या समाजाने त्या पक्षाला मते दिली, असे म्हटले जाते. पण मतदारसंघाच्या आकड्यावरून व्यक्तीचे वर्तन ठरवता येत नाही. कदाचित त्या समाजाची मते विभागली गेली असतील आणि बाकीचे सगळे एकवटले असतील. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये हा धोका आकडेवारीसह दाखवून दिला होता. ७५ वर्षे उलटली तरी निकालाच्या दिवशी तीच चूक रोज होते.

शिवाय आपल्याकडे समाजनिहाय लोकसंख्येचा मूळ आकडाच जुना किंवा अंदाजी आहे. शेवटची जनगणना २०११ ची. ‘या मतदारसंघात अमुक समाज इतके टक्के’ हे वाक्य ऐकले की आकडा आला कुठून, हे विचारायला हवे. बहुतेकदा तो पक्षाच्या कार्यकर्त्याकडून पत्रकाराकडे आणि पत्रकाराकडून अभ्यासकाकडे आलेला असतो.

मतदानोत्तर चाचण्या वारंवार का चुकतात?

२०२४ च्या लोकसभा निकालापूर्वी अनेक चाचण्यांनी ‘एनडीए’ला ३५० ते ४०० जागा दिल्या होत्या. मिळाल्या २९३. त्यानंतर ‘सर्वेक्षण म्हणजे थोतांड’ हे मत आणखी घट्ट झाले. प्रत्यक्षात चूक कुठे होते, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. लोकसभेला महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. सांगलीची जागा अपक्षाने जिंकली. पण दोन्ही आघाड्यांच्या मतांतील फरक एका टक्क्याहूनही कमी होता. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर ४८ मतांनी लागला. आता एक हजार मतदारांचा उत्तम नमुना घेतला तरी मतांच्या अंदाजात साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकते. दोन आघाड्यांमधील फरक मोजताना ही अनिश्चितता जवळपास दुप्पट होते. म्हणजे मतांचा अंदाज शास्त्रीयदृष्ट्या ‘बरोबर’ येऊनही जागांचा अंदाज साफ चुकू शकतो. मते मोजणे हे सर्वेक्षणाचे काम आहे. मतांवरून जागा काढणे हे वेगळे गणित आहे आणि त्यात पक्षांची मते कुठे किती एकवटली आहेत, याचा मोठा वाटा असतो.

नमुना मोठा असला म्हणजे अंदाज बरोबर येतो, हाही गैरसमज आहे. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक लोकांची मते गोळा करून रूझवेल्ट हरणार, असे सांगितले. ते ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. साप्ताहिकाने नावे मुख्यत्वे दूरध्वनी आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या काळात त्या याद्यांत गरीब नव्हते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर बरोबर अंदाज दिला. आज मोबाइलवर येणारे ‘तुमचे मत नोंदवा’ हे कौल याच चुकीची नवी आवृत्ती आहेत. लाखभर लोकांनी बटण दाबले, तरी ते कोण होते हे माहीत नसेल तर त्या आकड्याला काही किंमत नाही.

सोडतीतून संशोधन कसे होते?

महापालिका निवडणुकीपूर्वी निघणारी प्रभाग आरक्षणाची सोडत आपल्या परिचयाची आहे. कोणाचा प्रभाग गेला, कोणाचा वाचला, याच्या बातम्या होतात. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ही सोडत म्हणजे मोठीच संधी आहे. कोणता प्रभाग महिलांसाठी राखीव, हे जर चिठ्ठीने ठरत असेल, तर राखीव आणि खुल्या प्रभागांत आधीपासून काही पद्धतशीर फरक नसतो. पुढे जो फरक दिसेल तो आरक्षणाचा मानता येतो. औषधाच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट चिठ्ठीने पाडतात, त्यातलाच हा प्रकार.

राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेवर असाच अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले जे प्रभाग २००२ मध्ये खुले झाले, तिथे काय घडले हे त्यांनी तपासले. आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत या प्रभागांत महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. म्हणजे आरक्षण उठल्यावरही त्याचा परिणाम उरला. ‘महिला नगरसेवक नावालाच, कारभार पतीचा’ या ठरावीक वाक्यापेक्षा हा निष्कर्ष बराच वेगळा आहे. त्यासाठी लागलेली माहिती महापालिकेच्या निकालांत सर्वांसमोर होती. ती वाचायची रीत मात्र माहीत असावी लागली.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच धर्तीचा होता. महिला सरपंच असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, गावातील महिला ज्यांची मागणी करत होत्या त्या कामांवर अधिक खर्च केल्याचे त्यात दिसले.

म्हणजे संशोधन फक्त आकड्यांचेच?

नाही. काही प्रश्नांना आकडे भिडूच शकत नाहीत. निवडणुकीत पैसे वाटले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पैसे घेणारा त्याच उमेदवाराला मत देतो का? प्रश्नावली घेऊन दारात गेलात तर खरे उत्तर मिळणार नाही. मानववंशशास्त्रज्ञ लिसा ब्योर्कमन यांनी २०१२ च्या मुंबई महापालिका निवडणुकीच्या काळात वस्त्यांमध्ये राहून, कार्यकर्त्यांबरोबर फिरून हा व्यवहार पाहिला. त्यातून पुढे आलेले चित्र साध्या ‘मतखरेदी’चे नव्हते. पैसा हा नाती जोडण्याचा, आपली माणसे किती आहेत हे दाखवण्याचा आणि उमेदवाराची ऐपत जोखण्याचाही मार्ग होता. मत मात्र त्याने विकत घेता येईलच, अशी खात्री कोणालाच नव्हती.

असे काम करायला महिनोन् महिने लागतात. नोंदी ठेवण्याची शिस्त लागते. ज्यांनी विश्वासाने सांगितले त्यांची ओळख उघड होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. ‘चार गावे फिरलो, लोकांशी बोललो’ आणि क्षेत्रीय अभ्यास यात हाच फरक आहे. कोणाशी बोललो, कोणाशी बोलायचे राहून गेले, चावडीवर बसलेल्या पुरुषांशीच बोललो की शेतात काम करणाऱ्या बायकांशीही, याचा हिशेब अभ्यासकाला द्यावा लागतो.

महाराष्ट्रात याची परंपरा आहे का?

आहे आणि ती जुनी आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली घरोघर जाऊन पाहण्या करण्याची शिस्त रुजली. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातील व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांच्या राजकीय वर्तनाचा अभ्यास केला. तेव्हा भारतात असे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

दिल्लीत रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या ‘सीएसडीएस’ या संस्थेने १९६७ मध्ये देशव्यापी निवडणूक अभ्यासाला सुरुवात केली. मध्ये खंड पडलेली ही मालिका १९९६ पासून पुन्हा सुरू झाली. त्यासाठी उभ्या राहिलेल्या ‘लोकनीती’ या जाळ्यात पुण्याच्या राज्यशास्त्र विभागाचा आणि सुहास पळशीकर यांच्यासारख्या प्राध्यापकांचा मोठा वाटा राहिला. या अभ्यासांचे वेगळेपण पद्धतीत आहे. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे निवडायची, त्याच व्यक्तीच्या घरी जाऊन तिच्या भाषेत मुलाखत घ्यायची आणि मत कोणाला दिले हे तोंडी न विचारता चिठ्ठीवर खूण करून पेटीत टाकायला सांगायचे. राज्याराज्यांतील विद्यार्थ्यांनी या मुलाखती घेतल्या आणि अनेकांसाठी तीच संशोधन पद्धतीची खरी शाळा ठरली.

तज्ज्ञांचीही चूक झाली तर?

ऑगस्ट २०२५ मध्ये याच परंपरेला मोठा धक्का बसला. लोकनीतीचे सहसंचालक संजय कुमार यांनी महाराष्ट्रातील काही मतदारसंघांत लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीदरम्यान मतदारसंख्या कशी बदलली, याचे आकडे समाजमाध्यमावर टाकले. त्यानुसार रामटेक आणि देवळालीत मतदार ३५ टक्क्यांहून अधिक घटले होते, तर नाशिक पश्चिम आणि हिंगण्यात ४० टक्क्यांहून अधिक वाढले होते. मतदार याद्यांवरून वाद पेटलेला असतानाच हे आकडे आले आणि क्षणात पसरले. दोन दिवसांनी त्यांनी ते मागे घेतले, माफी मागितली आणि तक्त्यातील ओळी वाचताना चूक झाल्याचे सांगितले. त्यानंतर नागपूर आणि नाशिकमध्ये गुन्हे दाखल झाले, भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने संस्थेला नोटीस दिली. सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यांवरील कारवाईला स्थगिती दिली.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली पद्धतीची. त्या सहा महिन्यांत राज्यातील एकूण मतदार सुमारे ९ कोटी ३० लाखांवरून ९ कोटी ७० लाखांवर गेले, म्हणजे चार टक्क्यांहून थोडी अधिक वाढ. अशा वेळी एखाद्या मतदारसंघात एक तृतीयांशाहून अधिक मतदार गायब झालेले दिसले, तर पहिली शंका स्वतःच्या तक्त्यावर घ्यायची असते. मूळ कागदाशी ताळा करायचा, दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यायचे आणि मगच बोलायचे. आपल्या मताला पुष्टी देणारा आकडा असेल तर दुप्पट तपासायचे.

दुसरी गोष्ट वातावरणाची. संशोधनात चुका होतात. त्या दाखवल्या जाव्यात, मान्य केल्या जाव्यात आणि दुरुस्त व्हाव्यात, ही शास्त्राची रीत आहे. चुकीचे उत्तर पोलीस ठाण्यात शोधले जाऊ लागले तर पुढचा विद्यार्थी चूक टाळायला शिकणार नाही, तो विषयच टाळायला शिकेल. ज्या प्रश्नांवर गुन्हा दाखल होण्याची भीती आहे ते कोणी अभ्यासणार नाही आणि ते प्रश्न पुन्हा ‘फॅक्टर’ सांगणाऱ्यांच्या हाती जातील.

सध्या वर्गात काय शिकवले जाते?

अनेक महाविद्यालयांत संशोधन पद्धतीचा पेपर म्हणजे व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्ये आणि गुण-दोष. ‘गृहीतक म्हणजे काय ते सांगून चांगल्या गृहीतकाची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाला विद्यार्थी पंधरापैकी बारा गुण मिळवतो. पण एकही गृहीतक त्याने स्वतः मांडलेले आणि तपासून खोटे ठरलेले पाहिलेले नसते. पोहण्याची पुस्तकी परीक्षा घेऊन कोरड्या अंगाने उत्तीर्ण करण्यासारखे हे आहे. मराठीतून शिकणाऱ्यांची अडचण वेगळी. उपलब्ध पुस्तके बहुतेक परीक्षेपुरती असतात आणि संख्याशास्त्राची भीती बारावीतच बसलेली असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट निवडता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत हे धोरण २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्या हिशेबाने चौथ्या वर्षाच्या पहिल्या तुकड्या २०२६-२७ आणि २०२७-२८ मधील. एम.फिल. बंद झाल्याने पदवी आणि पीएच.डी. यांच्यातील सरावाची एक पायरीही गेली आहे. ती उणीव हे चौथे वर्ष भरून काढू शकते.

पण त्यासाठी मार्गदर्शक हवेत. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावणारे, अशा स्थितीत वर्षभर एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीवर कोण बसणार? ही अडचण सुटली नाही तर प्रकल्प बाजारातून टंकलिखित होऊन येतील. पर्यावरण प्रकल्पांचे काय झाले, हे आपण पाहिलेच आहे.

मोठा खर्च न करता काय करता येईल?

बरेच काही. निवडणुकीनंतर ‘फॉर्म २०’ प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे असते. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. आपल्या तालुक्यातील दोन निवडणुकांचे हे तक्ते विद्यार्थ्यांनी संगणकावर उतरवले, केंद्रांची जुळणी केली, तरी अर्धे सत्र जाते आणि माहिती स्वच्छ करणे म्हणजे काय ते कायमचे समजते. कोणत्या केंद्रांची हद्द मध्येच बदलली, हे शोधताना रामटेक प्रकरणातील चूक कशी होऊ शकते, हेही कळते. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राने निवडणूक निकालांचा खुला संग्रहही उपलब्ध करून दिला आहे.

ग्रामसभांचे इतिवृत्त, जिल्हा परिषदेचे ठराव, आमदार निधीच्या कामांच्या याद्या, विधिमंडळातील तारांकित प्रश्न ही सारी संशोधनाची सामग्री आहे. आपल्या आमदाराने पाच वर्षांत शेतीवर किती आणि रस्त्यांवर किती प्रश्न विचारले, हा पदवीच्या विद्यार्थ्याला सहज झेपेल असा प्रकल्प आहे. गावातील उपसरपंच निवडीत काय घडले, हे दोन्ही गटांशी बोलून लिहिणे हा दुसरा. एकाच तालुक्यात पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी हीच माहिती पुढे नेली, तर पाच वर्षांत त्या महाविद्यालयाकडे असा संग्रह तयार होईल जो कोणत्याही राष्ट्रीय संस्थेकडे नसेल.

विद्यार्थी नसलेल्यांना याचा काय उपयोग?

राजकीय दावे आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आकड्यांच्या रूपात येतात. त्यांच्यासमोर संशोधन पद्धतीतील चार साधे प्रश्न ठेवता येतात. हा आकडा मुळात कुठून आला? कोणाला विचारले आणि कोणाला विचारायचे राहिले? तुलना कशाशी केली आहे? निकाल उलटा लागला असता तर हेच कारण सांगता आले असते का?

पुढच्या निवडणुकीच्या रात्रीही एखादा ‘फॅक्टर’ सांगितला जाईलच. राज्यातील काही महाविद्यालयांत तोवर चौथ्या वर्षाचे विद्यार्थी फॉर्म २०चे तक्ते उघडून तो दावा पडताळत बसलेले असतील का, हे आज अभ्यासक्रम आखणाऱ्यांवर आणि प्राध्यापकांच्या जागा भरणाऱ्यांवर अवलंबून आहे.